झाडं किती लावली ते नको, जागा किती सोडली ते सांगा!

कार्टर रोडच्या कठड्यावर बसताना आपण सगळे समुद्राकडे तोंड करून बसतो. सूर्यास्त समोर, चहा हातात, फोन तयार. त्याच कठड्याच्या खाली, चिखलात पाय रोवून एक अख्खं जंगल उभं असतं. ओहोटी असली की वास येतो, मग आपण नाक मुरडतो आणि दोन बाकं पुढे सरकतो. लोकल माहीम सोडून वांद्र्याकडे निघते, खाडीवरून जाते, तेव्हा खिडकीतून दिसणारी हिरवळ हे तेच जंगल. कलानगरहून बीकेसीत इंटर्नशिपला जाताना मिठीच्या काठाने दिसते ती ‘झाडी’ही तेच जंगल.

झाडी म्हणतो आपण त्याला. जंगल म्हटलं की आपल्याला ताडोबा आठवतं, फार तर बोरिवलीचं नॅशनल पार्क. कांदळवन हे जंगल आहे, कायद्याने वन आहे आणि ते आपल्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे आपल्या गावीही नसतं.

मुद्दा एवढाच असता तर ‘निसर्गावर प्रेम करा’ म्हणून लेख इथेच संपवला असता. पण मुद्दा त्याहून अवघड आहे. हवामान बदलत असताना जंगल सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न सध्या जगभरचे वनशास्त्रज्ञ नव्याने विचारतायत. त्यांची उत्तरं वाचली की आपण मुंबईत ‘वृक्षारोपण’ या नावाखाली जे करतो, त्याबद्दल शंका यायला लागते. यायलाच हवी.

उत्तरेकडच्या जंगलांचं काय झालं?

थोडं लांबून सुरुवात करू. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालेलं तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. तो धूर कॅनडातल्या वणव्यांचा होता. त्या एका वर्षात कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळलं. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरच्या आसपास आहे. म्हणजे अर्धा महाराष्ट्र जळाला म्हणा ना.

त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनच्या सालीत राहणाऱ्या एका छोट्याशा भुंग्याने धुमाकूळ घातला होता. हा भुंगा तिथे नवा नव्हता. पूर्वी कडाक्याच्या हिवाळ्यात त्याच्या अळ्या मोठ्या प्रमाणात मरायच्या. हिवाळे सौम्य झाले, अळ्या जगल्या आणि १ कोटी ८० लाख हेक्टरहून अधिक जंगलाला त्याची झळ बसली. झाडं कोणी तोडली नाहीत, रस्ता कोणी काढला नाही. थंडी थोडी कमी झाली, बस्स.

इथे वनखात्यांची पंचाईत झाली. शंभर वर्षं त्यांचा नियम सोपा होता. जंगल जसं होतं तसं ठेवा, बिघडलं तर पूर्ववत करा. पण ज्या हवामानात ते जंगल वाढलं, ते हवामानच राहिलं नसेल तर ‘पूर्ववत’ म्हणजे नेमकं काय?

२००७ मध्ये कॉन्स्टन्स मिलर आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात या प्रश्नाला नीट मांडणी दिली. त्यांचं म्हणणं साध्या मराठीत सांगायचं तर तीन वाटा आहेत. पहिली, अडवणे : बदलाला शक्य तितका काळ रोखून धरायचं, आहे ते टिकवायचं. दुसरी, सावरणे : बदलाचा तडाखा बसणार हे धरून चालायचं, पण जंगल पुन्हा उभं राहील इतका दम त्यात ठेवायचा. तिसरी, बदलू देणे : उद्याच्या हवामानात जे टिकेल त्या दिशेने जंगलाला आजच हळूहळू न्यायचं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रेड पाइनच्या जंगलात या तिन्ही वाटांचा प्रत्यक्ष प्रयोग चालू आहे. एका भागात झाडं विरळ करून रेड पाइनलाच बळ दिलं. दुसऱ्या भागात विरळणी कमी-जास्त ठेवून विविधता वाढवली. तिसऱ्या भागात तर पाँडेरोसा पाइन लावलं. हे झाड पश्चिमेकडच्या कोरड्या प्रदेशातलं, मिनेसोटाचं नव्हेच. आणि चौथा भाग? तिथे काहीच केलं नाही. मुद्दाम. कारण काहीच न केलेला तुकडा शेजारी नसेल, तर केलेल्या कामाने फरक पडला की नाही हे कळणार कसं?

हा चौथा तुकडा लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आपलं जंगल चालतं

आता परत वांद्र्यात. मिनेसोटाच्या पाइनला एका पिढीत दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून माणसाला रोपं उचलून न्यावी लागतात. कांदळवनाची गोष्ट वेगळी. ते चालतं. खोटं वाटतं ना? एकेक झाड जागचं हलत नाही, पण जंगल सरकतं. समुद्र वर चढला की पाण्याकडची झाडं बुडून मरतात आणि जमिनीकडच्या बाजूला नवी रोपं रुजतात. हजारो वर्षं कांदळवनं अशीच समुद्राबरोबर मागे-पुढे झाली आहेत.

शिवाय त्यांच्याकडे आणखी एक युक्ती आहे. भरतीबरोबर आलेला गाळ मुळांच्या जाळ्यात अडकतो, मेलेली मुळं आणि पानं चिखलात साठतात आणि पायाखालची जमीन हळूहळू वर येते. म्हणजे समुद्र चढतो, तसं जंगल स्वतःचा ओटा स्वतःच उंच करत जातं. इंजिनिअरिंगवाल्यांनो, स्वतःची उंची स्वतः वाढवणारी भिंत कोणाला बांधता आली असेल तर सांगा.

पण या युक्तीला मर्यादा आहे. नील सेंटिलन आणि सहकाऱ्यांनी गेल्या दहा हजार वर्षांतल्या कांदळवनांच्या गाळाच्या नोंदी तपासल्या. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला. समुद्राची पातळी वर्षाला सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा वेगाने वाढू लागली, तर कांदळवनाला ओटा उंच करत राहणं बहुधा जमणार नाही. सध्या वेग किती? आयपीसीसीच्या ताज्या मूल्यांकनानुसार जगाची सरासरी १९०१ ते १९७१ या काळात वर्षाला १.३ मिलिमीटर होती. २००६ ते २०१८ मध्ये ती ३.७ मिलिमीटर झाली. प्रत्येक किनाऱ्यावरचा वेग वेगळा असतो, पण दिशा तुम्हाला दिसतेय. जगाने उत्सर्जन असंच चालू ठेवलं तर तुमच्या हयातीतच ती सहाची रेघ ओलांडली जाईल.

मग उरते दुसरी युक्ती. मागे सरकण्याची.

आणि मागे काय आहे? कार्टर रोडला मागे कठडा आहे, त्यामागे रस्ता, त्यामागे इमारती. मिठीच्या काठाला मागे संरक्षक भिंत आहे, त्यामागे बीकेसी. हे एका दिवसात झालेलं नाही. १८४० च्या दशकात माहीमचा कॉजवे बांधला गेला आणि खाडीचं तोंड आवळलं. १९७७ मध्ये एमएमआरडीएकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या ३७० हेक्टर जागेचं नियोजन आलं. ती जागा म्हणजे बहुतांशी खाडीकाठची दलदल होती. वांद्रे रेक्लमेशनचा अर्थ तर नावातच आहे. समुद्राकडून ‘परत मिळवलेली’ जमीन. जणू ती आधी आपलीच होती!

शास्त्रज्ञ या अवस्थेला किनाऱ्याची कोंडी म्हणतात. पुढून समुद्र, मागून सिमेंट. पीक अवरला वांद्र्याला दारात उभं राहून प्रवास केला असेल तर वेगळं समजवायला नको.

जंगल राहिलं काय, गेलं काय, मला काय?

विचारा, बिनधास्त विचारा. प्रश्न रास्त आहे.

२६ जुलै २००५ चं वर्णन तुम्ही आई-बाबांकडून ऐकलं असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी भरतीही होती. सुमारे १८ किलोमीटर लांबीची मिठी विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन विमानतळाखालून, कुर्ल्यातून, बीकेसीला वळसा घालून माहीमच्या खाडीत येते. त्या दिवशी ती तुंबली आणि मागे फिरली. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कांदळवन शाबूत असतं तर ९४४ मिलिमीटर पाऊस थांबला नसता, पूर आलाच असता. पण खाडीच्या तोंडाशी पाण्याला पसरायला जागा असणं आणि नसणं यात फरक असतो. ती जागा म्हणजेच कांदळवन. आपण तिथे भराव टाकला, तेव्हा फक्त झाडं गेली नाहीत, पाण्याची पार्किंगची जागा गेली.

वादळाच्या बाबतीत तर पुरावा आणखी थेट आहे. १९९९ मध्ये ओडिशाला महाचक्रीवादळाने झोडपलं. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केंद्रपाडा जिल्ह्यातल्या शेकडो गावांचा अभ्यास केला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथे मृत्यू कमी झाले होते. २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याने गेलं, तेव्हा मुंबई थोडक्यात वाचली. प्रत्येक वेळी नशीब साथ देईल, असं कुठल्याच हवामान मॉडेलमध्ये लिहिलेलं नाही.

शिवाय चिंबई आणि खारदांड्याच्या कोळीवाड्यांना विचारा. चिंबोरी, कोलंबी, निवटी यांची पिल्लं कुठे वाढतात हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. उधाण कधी आणि भांग कधी, हे तिथल्या आजी तिथीवरून सांगतात. खाडी आक्रसली की पहिला फटका त्यांच्या टोपलीला बसतो, आपल्या थाळीला नंतर.

रोपांचे फोटो, रोपांचे आकडे

आता मूळ दुखण्यावर येऊ. आपल्याला झाडं मोजायला भारी आवडतं. २०१६ मध्ये राज्यात एका दिवसात दोन कोटी रोपांचा संकल्प होता, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी, २०१९ मध्ये तेहतीस कोटी. कॉलेजात एनएसएसला असाल तर तुम्हीही खड्डा खणला असेल, रोप लावलं असेल, ग्रुप फोटो काढला असेल. त्यात वाईट काही नाही. पण एक प्रश्न विचारू? ते रोप आज जिवंत आहे का?

कांदळवनाच्या बाबतीत हा प्रश्न जीवघेणा ठरलाय. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत उत्साहाने कांदळवन लावलं गेलं. नंतर संशोधकांनी २३ जागा तपासल्या. त्यातल्या ९ ठिकाणी एकही रोप उरलं नव्हतं. हजारभर हेक्टरवर लावलेल्या रोपांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याएवढ्याच क्षेत्रात काही टिकलं. फिलिपिन्समध्येही तेच झालं. तिथे किनाऱ्यावर पाण्याच्या बाजूला नैसर्गिकरीत्या तिवर आणि चिप्पीच्या जातकुळीतली झाडं वाढतात. लोकांनी मात्र कांदळ लावलं. का? तर त्याच्या लांबलचक शेंगा हाताळायला सोप्या, चिखलात खोचल्या की झालं. चुकीचं झाड, चुकीच्या जागी. बहुतेक रोपं मेली.

आणि जिथे यश आलं तिथे काय केलं होतं? फ्लोरिडाच्या रॉय लुईस यांनी अनेक वर्षं एकच गोष्ट सांगितली. आधी पाणी दुरुस्त करा. भरतीचं पाणी जिथे अडलंय तिथला बांध फोडा, उंची नीट करा. बिया समुद्र स्वतः आणून टाकतो. रोप लावायची गरज बहुतेक वेळा पडतच नाही.

म्हणजे कांदळवनाला हात नकोयत, जागा हवी आहे. पण जागेचा फोटो येत नाही आणि ‘आम्ही पन्नास मीटर जागा रिकामी सोडली’ अशा बॅनरसमोर कोणी पाहुणा उभा राहत नाही. म्हणून आपण रोपं लावतो.

याच सवयीतून आणखी एक घोळ होतो. एका ठिकाणचं कांदळवन प्रकल्पात गेलं की ‘भरपाई म्हणून’ दुसरीकडे काही पट रोपं लावू, असं आश्वासन येतं. हिशोब कागदावर छान जुळतो. पण मिठीच्या तोंडाशी असलेलं झाड मिठीच्या तोंडाशीच कामाचं आहे. ते शंभर किलोमीटरवर दहापट लावलं तरी उधाणाच्या दिवशी कलानगरच्या रस्त्यावरचं पाणी त्याला कसं कळणार? तुमचा गोलकीपर जखमी झाला आणि बदली म्हणून दुसऱ्या मैदानात पाच गोलकीपर उभे केले, तर स्कोअर काय लागेल?

आपण पहिली वाट छान चाललो, आता?

सगळंच वाईट चाललंय असं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही. कांदळवन वाचवण्यात महाराष्ट्राने खरंच काम केलंय. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती पक्की केली आणि भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिलं. कांदळवन नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं न्यायालयाने म्हटलं. २०१२ मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. २०२१ च्या देशपातळीवरच्या वन अहवालात राज्याचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदलं गेलं. विक्रोळीला गोदरेजच्या जमिनीवरचं कांदळवन तर अनेक दशकं नीट राखलं गेलंय.

पण मिलरबाईंच्या भाषेत सांगायचं तर ही सगळी ‘अडवणे’ ही पहिली वाट आहे. आहे ते टिकवा, कुंपण घाला, तोडू नका. ती हवीच. ती नसती तर आज बोलायला जंगलच उरलं नसतं. मात्र ५० मीटरची रेघ आज जिथे जंगल आहे तिथून मोजली जाते. समुद्र काही त्या रेघेचा मान ठेवून वाढणार नाही. जंगल मागे सरकायला लागलं की त्या पन्नास मीटरमध्येच सरकेल आणि पुढे भिंत. त्यात २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाडीकाठची मर्यादा १०० मीटरवरून ५० मीटरवर आणली. म्हणजे समुद्र पुढे येतोय आणि आपण रेघही पुढे नेतोय!

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मुंबईने आता दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेचा विचार सुरू करायला हवा. कुठल्या खाडीकाठी पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जंगलाला मागे सरकायला मोकळी जमीन आहे, याचा नकाशा करा. ती जमीन आजच आरक्षित करा, त्यावर पार्किंग किंवा कास्टिंग यार्ड येण्याआधी. भराव टाकून जिथे भरती अडवली आहे, तिथे शक्य तितकी ती पुन्हा आत येऊ द्या. जिथे नुसती तिवर उरली आहे तिथे इतर जाती का येत नाहीत हे शोधा. पाणी फार घाण आहे म्हणून? गोडं पाणी कमी पडतं म्हणून? पालिकेचा हवामान कृती आराखडा २०२२ मध्येच आलाय. त्यात या नकाशाला जागा मिळायलाच हवी.

‘म्हणजे तुम्ही विकासाच्या विरोधात?’

हा प्रश्न येणारच, कट्ट्यावरच येईल. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यातले कितीतरी जण विरार-कर्जतहून दोन-दोन तास लोंबकळत कॉलेजला येतात. त्यांना नवी लाइन, नवा रस्ता हवाय. बहरामपाड्यात दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करणाऱ्याला घर हवंय. ‘आधी खेकडे, मग तुम्ही’ असं त्यांना सांगायचा हक्क कोणालाच नाही.

पण एक उदाहरण बघा. बुलेट ट्रेनसाठी सुरुवातीच्या आराखड्यात ५३ हजारांहून जास्त कांदळवन वृक्ष जाणार होते. प्रकरण न्यायालयात आलं, परवानग्यांची प्रक्रिया झाली. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा तो आकडा सुमारे २२ हजारांवर आला होता. प्रकल्प रद्द झाला नाही. बाकीची तीस हजार झाडं मात्र ‘टाळता येण्यासारखी’ निघाली. म्हणजे कोणीतरी ‘का?’ विचारलं की उत्तर बदलतं. विचारलं नसतं तर त्र्याहत्तर नाही, त्रेपन्न हजारच का, एवढ्यावरच आपण खूश झालो असतो.

आणि हेही बघा की भरावावर बांधलेलं घर, भरावावरचं ऑफिस, भरावावरची लाइन पावसाळ्यात बंद पडते तेव्हा अडकतो तोच विरार-कर्जतवाला. कांदळवन आणि गरिबाचं घर यांची कुस्ती लावून देणाऱ्यांना विचारा, ज्या जमिनींवर खाडी बुजवून टॉवर उभे राहिले त्यात गरिबाचे फ्लॅट किती?

चौथा तुकडा तुम्ही व्हा

आता तुमच्यावर. ‘जनजागृती करा’ असं सांगून मी पळ काढणार नाही. जागृती खूप झाली, मोजमाप झालं नाही.

मिनेसोटातला तो चौथा तुकडा आठवा. काहीच न करता फक्त नोंदी ठेवलेला. आपल्याकडे नेमकं हेच नाही. कोणत्या रोपवाटिकेतली किती रोपं किती वर्षं जगली? कार्टर रोडच्या कांदळवनात नवी रोपं रुजतायत की नुसती म्हातारी झाडं उभी आहेत? गाळ चढतोय की वाहून जातोय? जगभरचे अभ्यासक चिखलात खोल रॉड रोवून त्याच्या संदर्भाने गाळाची उंची वर्षानुवर्षं मोजतात. मिलिमीटरमध्ये. फार महागडं विज्ञान नाही हे. चिकाटीचं आहे.

एनएसएसला वर्षाला १२० तास द्यावे लागतात. त्यातले थोडे तास असे द्या. कांदळवन कक्षाची रीतसर परवानगी घ्या, कारण ते राखीव वन आहे, वाटेल तसं शिरायचं नाही. बॉटनीच्या सरांना सोबत घ्या. काठावरच्या चार-पाच जागा ठरवा. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढा. एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवून त्यातली नवी रोपं मोजा. श्वसनमुळं, म्हणजे चिखलातून वर डोकावणाऱ्या त्या काड्या, प्लास्टिकखाली किती दबल्यात ते लिहा. पालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या दिवशी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते खुणेने नोंदवा. कोळीवाड्यातल्या जाणत्यांना विचारा, वीस वर्षांपूर्वी ते कुठपर्यंत यायचं.

तुमचं वर्ष संपलं की वही ज्युनिअरच्या हातात द्या. तीच खरी परीक्षा. कारण एका वर्षाच्या नोंदीने काही कळत नाही, दहा वर्षांच्या नोंदीपुढे कोणत्याही सुनावणीत कोणाला सहज हात झटकता येत नाहीत.

आणि कॉमर्सवाले, लॉवाले, मीडियावाले, तुम्ही सुटला नाहीत. एखाद्या प्रकल्पाची जाहीर सुनावणी लागली की कागद वाचा. कांदळवनावर भराव पडताना दिसला तर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली समिती आहे, तिच्याकडे तक्रार करा. मुंबई उपनगरचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेलाच आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत लिहिता येतो. त्यात तीनच प्रश्न टाका. भरपाईची रोपं नेमकी कुठे लावली? तीन वर्षांनी त्यातली किती जगली? आणि या जंगलाच्या मागे, जमिनीच्या बाजूला, किती मीटर जागा मोकळी ठेवली आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कदाचित येतील. तिसऱ्याचं उत्तर आज बहुधा कोणाच्याच फायलीत नसेल. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा विचारायचा. २०५० मध्ये तुम्ही पंचेचाळिशीच्या आसपास असाल, कर्जाचे हप्ते भरत असाल, कदाचित याच उपनगरात. तेव्हा खाडीचं पाणी कुठवर येणार, हे ज्या नकाशावर ठरतंय तो नकाशा आत्ता काढला जातोय. पेन्सिल अजून कोणाच्या तरी हातात आहे, रेघ पक्की झालेली नाही. तोवर बोलून घ्या.